सवची गरम कुंडे, जिवाणू आणि टी-आरएनए

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून बारमाही गरम पाणी वर येते. कोकणात गरम झऱ्यांची एक लांबलचक रांग आहे. पालघरकडच्या कोकनेर आणि सातिवलीपासून ती सुरू होते आणि अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी अशी ठिकाणे घेत थेट राजापूरपर्यंत जाते. एकीकडे समुद्र, दुसरीकडे सह्याद्री आणि मधल्या पट्ट्यात ही कुंडे, असा ३०० किलोमीटरहून अधिक लांबीचा हा पल्ला आहे. सगळीकडचे पाणी सारखे गरम नाही. काही ठिकाणी ते जेमतेम कोमट, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर उन्हवऱ्याला ७० अंशांपर्यंत जाते आणि त्यात हात घालण्याची सोय राहत नाही. सवचे पाणी अंगाला सोसते, म्हणून माणसे त्यात उतरून आंघोळ करतात.

या भागात ज्वालामुखी जागा आहे म्हणून पाणी तापते, अशी समजूत ऐकायला मिळते. दख्खनचा काळा कातळ लाव्हारसाचा आहे हे खरे, पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि कधीचाच थंड झाला. झऱ्यांचे पाणी मूळ पावसाचे. पोलादपूर आणि महाडच्या डोंगरउतारांवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला काही भाग कातळातल्या भेगांतून खोल मुरतो. जमिनीत जितके खाली जावे तितके तापमान वाढत जाते, तशी तिथे त्या पाण्याला ऊब मिळते आणि कोकणाच्या लांबीला समांतर गेलेल्या भेगांमधून ते पुन्हा वर येते. वाटेत खडकातले क्षार त्यात उतरतात. कोकणातल्या बहुतेक कुंडांच्या पाण्यात मिठाचा अंश चांगलाच असतो आणि काहींना गंधकाचा वास येतो.

वस्तीच्या दृष्टीने हा परिसर जुना आहे. महाडला लागून असलेल्या गांधारपाले इथल्या लेण्यांत कुमार काणभोज याचा शिलालेख आहे. सुमारे ३० लेण्यांचा हा समूह इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला, आणि तो इथे असण्याचे कारण व्यापार. सावित्रीला बाणकोटच्या खाडीतून भरती येते, तिच्यावर होड्या आत महाडपर्यंत पोचत, आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई, धान्य आणि गूळ खाली येई. पोलादपूर हे घाटाच्या पायथ्याचे गाव, महाड हे बंदर, आणि सव त्या बंदराच्या शेजारचे. लमाण, हमाल, खलाशी, यात्रेकरू अशा थकलेल्या अंगांची ये-जा असलेल्या वाटेवर गरम पाण्याचे कुंड असले की त्याचा लौकिक पसरायला वेगळी खटपट लागत नाही. खरूज, नायटा, संधिवात, अंगदुखी यांवर हे पाणी चालते, असे कोकणातल्या प्रत्येक कुंडाबद्दल सांगितले जाते. उत्तरेकडे वज्रेश्वरीला देवीमुळे आणि गणेशपुरीला मठामुळे कुंडांना तीर्थाचे रूप आले. वज्रेश्वरीचे सध्याचे देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई विजयानंतर बांधवले. सवच्या वाट्याला तेवढे मोठे माहात्म्य आले नाही.

लेखी नोंद झाली ती इंग्रजी अमदानीत. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिऱ्यावरचा खंड १८८३ चा. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबाच म्हणत आणि ते नाव १९८१ पर्यंत टिकले. त्याच सुमारास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली भारतातल्या गरम झऱ्यांची यादी त्यांच्या मुलाने, रिचर्ड ओल्डहॅम यांनी, प्रसिद्ध केली. सुमारे ३०० झरे तिच्यात आहेत. या नोंदी झऱ्याचे ठिकाण, पाण्याची ऊब, वास आणि चव सांगून थांबतात. पुढे स्वतंत्र भारतात सरकारने १९६६ मध्ये गरम झऱ्यांसाठी समिती नेमली, तिचा अहवाल १९६८ मध्ये आला आणि १९९१ मध्ये भूऔष्णिक नकाशासंग्रह निघाला. या साऱ्या खटाटोपाला कारण होते वीज. लडाखमधल्या पुगा खोऱ्यापुढे कोकणचे पाणी मवाळ ठरले आणि विजेच्या हिशेबात ते मागे पडले.

म्हणजे शंभर वर्षांत झऱ्यांकडे भूगोल, रसायन आणि ऊर्जा या तीन नजरांनी पाहिले गेले. त्या पाण्यात कोण राहते हा प्रश्न उशिरा निघाला आणि तो कोकणात नव्हे, अमेरिकेत निघाला. टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या झऱ्यांतून ७० अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा जिवाणू वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याला थर्मस अॅक्वाटिकस हे नाव दिले. तोवर इतक्या उष्णतेत जीव तग धरत नाही असे मानले जाई. पुढे ज्या पीसीआर तपासणीचे नाव करोनाच्या साथीत घरोघरी पोचले, तिच्यातला उष्णता सोसणारा विकर मूळ याच जिवाणूतला. जपानमध्ये तैरो ओशिमा आणि काझुतोमो इमाहोरी यांनी इझू द्वीपकल्पातल्या मिने इथल्या झऱ्यातून त्याचा भाऊबंद मिळवला. त्याचे नाव थर्मस थर्मोफिलस. १९७४ मध्ये त्याचे वर्णन छापून आले. पुढच्या कथेत महत्त्वाचा आहे तो हा जपानी जिवाणू.

उकळीच्या जवळ जाणाऱ्या पाण्यात जगायचे तर पेशीतला प्रत्येक भाग त्या उष्णतेत उभा राहिला पाहिजे, आणि त्यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे प्रथिने घडवण्याची यंत्रणा. डीएनएमधली माहिती संदेशवाहक आरएनएवर उतरते. तो संदेश रायबोसोम तीन-तीन अक्षरांनी वाचतो. जवळजवळ प्रत्येक तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल नेमलेले असते, पण त्या अक्षरांना अमिनो आम्ल ओळखता येत नाही आणि अमिनो आम्लाला अक्षरे वाचता येत नाहीत. मध्ये एखादा दुवा असलाच पाहिजे, असे फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्ये केवळ तर्काने मांडले. मॅलन होगलंड आणि पॉल झॅमेकनिक यांना काही वर्षांतच तो प्रत्यक्ष सापडला. तो ट्रान्सफर आरएनए, थोडक्यात टी-आरएनए. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधल्या एका टी-आरएनएची ७७ अक्षरांची माळ पूर्ण वाचली. १९६८ चे नोबेल त्यांना, मार्शल निरेनबर्ग यांना आणि हरगोविंद खोराना यांना मिळून मिळाले.

या रेणूची घडण समजल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. जेमतेम ७५ ते ९० अक्षरांची ही आरएनएची माळ स्वतःवरच दुमडते. कागदावर काढली तर तीन पाकळ्यांचे पान दिसते, पण पेशीत ती आणखी वळून इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोन धरते. एका टोकाला अमिनो आम्ल चिकटते. दुसऱ्या टोकाला संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळणारी तीन अक्षरे असतात, त्यांना प्रतित्रिक म्हणतात. काटकोनाच्या कोपरात दोन वळसे एकमेकांत अडकतात आणि सारा आकार त्या कोपरावर तोललेला असतो. १९७४ मध्ये अमेरिका आणि केंब्रिज इथल्या गटांनी क्ष-किरणांनी हा आकार दाखवला. रेणू तयार झाल्यावर त्याच्या कित्येक अक्षरांना विकर छोटी-मोठी डागडुजी करतात. कुठे मिथिल गट लागतो, कुठे ऑक्सिजनच्या जागी गंधक बसते. हे बदल म्हणजे कापडाच्या घडीला मारलेले टाके म्हणता येतील. टाक्यांशिवाय घडी बसते खरी, पण ती सुटायला वेळ लागत नाही.

अशा रेणूत एखादे अक्षर बदलले, म्हणजे उत्परिवर्तन झाले, तर काय होते हे प्रथम ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत कळले. संदेशाच्या शेवटी थांबा सांगणारी तीन त्रिके असतात: यूएजी, यूएए आणि यूजीए. जनुकातल्या चुकीमुळे असा थांबा मध्येच आला तर प्रथिन अर्धवट राहते आणि जिवाणू लंगडतो. १९६० च्या दशकात असे लंगडे जिवाणू अचानक सुधारलेले आढळू लागले. शोध घेता त्यांच्यात दुसऱ्याच ठिकाणी उत्परिवर्तन झाले होते. एका टी-आरएनएचे प्रतित्रिक बदलले होते आणि तो आता थांब्याच्या त्रिकावर अमिनो आम्ल ठेवून काम पुढे ढकलत होता. एका चुकीने दुसरी झाकली म्हणून अशा टी-आरएनएला दमनकारी म्हणतात. खोराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायरोसिनचा असा एक दमनकारी टी-आरएनए घडवणारे जनुक प्रयोगशाळेत कणाकणाने जोडले. त्याची लांबी सुमारे २०० जोड्यांची. १९७६ मध्ये त्यांनी ते ई. कोलायमध्ये चालताना दाखवले. माणसाने रसायनांतून जोडलेले आणि जिवंत पेशीत काम करणारे ते पहिले जनुक.

पण हा इलाज फुकट मिळत नाही. थांब्यावर न थांबणारा टी-आरएनए चुकीच्या थांब्याबरोबर बरोबर असलेलाही थांबा ओलांडतो आणि धडधाकट प्रथिनांना शेपूट फुटते. ई. कोलायमध्ये यूएजी हा थांबा फार कमी जनुकांत येतो, म्हणून त्यावरचे दमन जिवाणूला फारसे जड जात नाही. यूएए मात्र बहुसंख्य जनुकांचा थांबा आहे आणि त्यावर दमन करणारे जिवाणू बहुधा मंद वाढतात. जिवाणूची वाढ म्हणजे शेवटी तो तासाभरात किती प्रथिन बनवू शकतो हाच हिशेब. ई. कोलायचा रायबोसोम उत्तम खुराकावर सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्ले जोडतो. त्या वेगाला जरा अडथळा आला की संख्या दुप्पट होण्याचा काळ लांबतो आणि वाढीच्या आलेखावर तो लगेच दिसतो.

या कथेतला सर्वांत उद्बोधक प्रयोग डेव्हिड हर्श यांचा, १९७१ चा. ट्रिप्टोफॅनच्या टी-आरएनएचा एक दमनकारी प्रकार यूजीए वाचत होता, पण त्याचे प्रतित्रिक तपासले तर ते जसेच्या तसे. बदल होता २४ व्या अक्षरात, प्रतित्रिकापासून दूर, पानाच्या वेगळ्या पाकळीच्या देठावर. म्हणजे वाचनाची अचूकता फक्त त्या तीन अक्षरांवर ठरत नाही, सारा रेणू कसा वाकतो यावरही ठरते. हे वाकणे रायबोसोममध्ये नेमके काय करते याचा खुलासा व्हायला पुढची ३०-४० वर्षे लागली. थोडक्यात असे: रायबोसोममध्ये शिरताना टी-आरएनए ताणला जातो, आणि उत्परिवर्तित रेणू त्या ताणाला अधिक सहज वाकत असल्याने जुळणी चुकीची असूनही स्वीकारला जातो.

उष्णतेचा संबंध इथेच येतो. दुमडलेल्या आरएनएला पुरेशी ऊब दिली की आतले बंध सुटतात आणि काटकोन मोडतो. उलगडलेल्या माळेला अमिनो आम्ल जोडणारे विकर ओळखत नाही आणि आरएनए कुरतडणारे विकर मात्र तिच्यावर लगेच तुटून पडतात. मग पेशीतला टी-आरएनएचा साठा घटतो, रायबोसोम वाट पाहत बसतो आणि वाढ थांबते. फ्रेडरिक नायडहार्ट यांनी १९६० च्या दशकातच ई. कोलायचे असे उत्परिवर्ती मिळवले होते की जे ३० अंशांना वाढत, पण थोडे तापवले की थबकत, कारण त्यांच्यातले व्हॅलिन जोडणारे विकर उष्णतेने निकामी होई. दोष टी-आरएनएत नव्हता, त्याला भरणाऱ्या विकरात होता. तरी परिणाम एकच: भरलेला टी-आरएनए संपला आणि प्रथिने बनणे बंद पडले.

थर्मस थर्मोफिलस ८० अंशांनाही वाढतो. त्याचे टी-आरएनए का उलगडत नाहीत याचा शोध किमित्सुना वातानाबे आणि ओशिमा यांच्या गटाने १९७० च्या दशकात घेतला. कोपरातल्या ५४ व्या जागी बहुतेक जिवाणूंत रायबोथायमिडिन असते. थर्मसमध्ये त्याच्यातल्या एका ऑक्सिजनची जागा गंधकाने घेतलेली आढळली. त्या एका अणूमुळे कोपर अधिक घट्ट बसते आणि रेणू उलगडण्याचे तापमान काही अंशांनी वर सरकते. आणखी लक्षवेधी गोष्ट अशी की जिवाणू जितक्या गरम पाण्यात वाढवला तितके जास्त टी-आरएनए गंधकाचे निघाले. ५० अंशांच्या सुमारास त्यांचे प्रमाण कमी, तर ८० ला जवळजवळ सगळे. कोकणात कुंडाच्या पाण्यातल्या गंधकाला गुणकारी मानतात. जिवाणूच्या दृष्टीने गंधकाची खरी करामत या एका अणूत आहे, आणि तो पाण्याच्या वासातून येत नाही. सिस्टीन या अमिनो आम्लातून काढून अनेक विकर हातोहात तो तिथवर पोचवतात.

नाओकी शिगी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे गंधक बसवणारी दोन जनुके ओळखून ती मोडली. मोडलेली जनुके असलेला थर्मस मध्यम उष्णतेत जगत राहिला, पण अतिउष्णतेत त्याला वाढता येईना. २०१० मध्ये एहिमे विद्यापीठातल्या हिरोयुकी होरी यांच्या गटाने वेगळी जागा धरली. ४६ व्या अक्षरावरच्या मिथिल गटाचे विकर काढून टाकले. ७० अंशांना जिवाणू ठीक होता, ८० ला नाही. ७० वरून अचानक ८० ला नेल्यावर काही टी-आरएनएंचे प्रमाण घटले आणि प्रथिने बनणे मंदावले. त्याच प्रयोगात असेही निघाले की ४६ ची दुरुस्ती नसेल तर रेणूतल्या इतर काही ठिकाणच्या दुरुस्त्याही कमी होतात. विकर एकमेकांच्या कामावर अवलंबून असतात. कोण आधी, कोण मागून, असा क्रम असतो आणि पहिला गैरहजर राहिला की पुढच्यांना रेणू नीट पकडता येत नाही.

उलटा धडा पुढच्याच वर्षी मिळाला. ५५ व्या जागेचे स्यूडोयुरिडिन बसवणारे विकर काढले तेव्हा थर्मस ८० अंशांना वाढला, पण ५० ला त्याची तारांबळ उडाली. त्या अक्षराच्या अभावी इतर दुरुस्त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या, टी-आरएनए फार ताठर झाला आणि थंडाव्यात ताठर रेणू रायबोसोममध्ये नीट वाकेना. म्हणजे टी-आरएनए नुसता घट्ट असून चालत नाही. ज्या तापमानाला जिवाणू राहतो त्या तापमानाला तो पुरेसा घट्ट आणि पुरेसा लवचीक असावा लागतो. हर्श यांच्या २४ व्या अक्षराने जे सुचवले होते, त्याचीच ही दुसरी बाजू. वृत्तपत्री विज्ञानात उष्णता सोसण्याचे श्रेय सरसकट ‘कणखर प्रथिनां’ना दिले जाते. पण कणखर प्रथिन घडवणारा रेणूच आधी उलगडला तर त्या कणखरपणाला काही अर्थ उरत नाही.

भारतात या विषयावर सातत्याने काम झाले ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, उमेश वार्ष्णेय यांच्या प्रयोगशाळेत. प्रत्येक प्रथिनाची सुरुवात एका खास टी-आरएनएने होते. त्याला आरंभक म्हणतात. ई. कोलायमध्ये या आरंभकाची चार जनुके आहेत, तीन एका ठिकाणी आणि चौथे दूर. चारांची गरज काय, हा साधा प्रश्न घेऊन वार्ष्णेय, विद्यानंद नंजुंडय्या आणि सहकाऱ्यांनी जनुके कमी-कमी केलेले जिवाणू एकमेकांविरुद्ध वाढवले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. खुराक भरपूर असताना चार जनुकांचा जिवाणू पुढे जातो, कारण वेगाने वाढायला आरंभक जास्त लागतात. खुराक तुटपुंजा असेल तर मात्र कमी जनुकांचे जिवाणू त्याला मागे टाकू शकतात. ज्या काळात वाढच धीमी आहे त्या काळात जास्तीचे टी-आरएनए बनवणे हा निव्वळ खर्च. जनुकांची संख्या हीसुद्धा जिवाणूच्या जागेशी जुळवलेली असते, हा त्या कामाचा गाभा.

महाराष्ट्रातले काम वेगळ्या वळणाचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागातला एक गट टी-आरएनएमधल्या दुरुस्त अक्षरांची ठेवण संगणकावर अभ्यासतो. त्यांनी हाताळलेल्यांपैकी एक अक्षर म्हणजे लायसिडिन. आयसोल्युसिनच्या एका टी-आरएनएमध्ये प्रतित्रिकाच्या पहिल्या जागी ते नसेल तर तो टी-आरएनए मेथिओनिनचे त्रिक वाचू लागतो आणि अमिनो आम्लही चुकीचे धरतो. एका दुरुस्तीअभावी दोन्ही टोके एकदम बिघडण्याचे हे उदाहरण आहे, आणि जिवाणूला ते सोसत नाही. ही दुरुस्ती करणाऱ्या विकराशिवाय ई. कोलाय जगत नाही. झऱ्यांच्या बाजूने नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या गरम कुंडांतल्या जिवाणूंची डीएनए वाचून मोजदाद झाली. बुलढाण्याच्या लोणार सरोवरातून नवे जिवाणू वेगळे झाले. त्यांतला एक इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस या नावाने २०१० मध्ये नोंदला गेला. लोणारचे पाणी गरम नाही, पण खारे आणि क्षारीय आहे, आणि तिथल्या जिवाणूसमोर प्रश्न तोच: परक्या वातावरणात प्रथिने घडवत राहायचे कसे.

सवकडे या माहितीच्या उजेडात पाहिले तर ते रांगेतल्या सौम्य टोकाचे कुंड ठरते. माणूस ज्या पाण्यात बसू शकतो ते पाणी थर्मससाठी थंड आहे. ५० अंशांच्या खाली त्याची वाढ रेंगाळते. उन्हवऱ्याचे ७० अंशांचे पाणी मात्र त्याच्या सोयीचे. एकाच जातीचा टी-आरएनए असलेले जिवाणू सव ते उन्हवरे या पल्ल्यात सारखेच वाढणार नाहीत. एका कुंडात टिकणारे दुसऱ्यात हरतील, आणि त्या हार-जितीत ५४ व्या, ४६ व्या, ५५ व्या अक्षरांचा वाटा असेल. त्याच हिशेबाने एक गैरसमजही निकालात निघतो. गरम झऱ्याचे पाणी आपोआप निर्जंतुक असते असे समजून लोक त्यात निर्धास्त उतरतात, कोणी ते पितातही. ई. कोलाय ३७ अंशांना सर्वांत जोमाने वाढतो आणि ४५ अंशांपर्यंत त्याचे टी-आरएनए नीट चालतात. अंगाला सोसणाऱ्या पाण्यात त्याला मारण्याइतकी उष्णता नसते. खरूज घेऊन उतरलेल्या माणसाने त्याच कुंडात साबण लावणे, कपडे धुणे हे शेजारच्याला अपायकारक आहे. पाण्याची औषधी कीर्ती कितीही जुनी असली तरी त्यात फरक पडत नाही.

जिवाणूंचे नमुने जपण्याची सोय पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासून चालू आहे, आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही आता पुण्यातच आहे. कोकणातल्या कुंडांना फरशी बसवून, पाण्याला नळ लावून स्नानगृहे बांधण्याची घाई सर्वत्र दिसते. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पूर तर २००५ आणि २०२१ सारखे केव्हाही येऊन काठावरच्या जागा धुऊन नेतात. सव, उन्हेरे, उन्हवरे आणि तुरळ इथल्या प्रत्येक मुखाचे पाणी बांधकामाआधी तापमानाची नोंद करून घ्यावे आणि त्यातले जिवाणू पुण्याच्या संग्रहात जमा व्हावेत. महाड, माणगाव, दापोली इथल्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले तर हे काम एका सुट्टीत सुरू करता येईल.